मराठी टायपिंगसाठी कीबोर्ड: सपाट, वळणदार की दोन तुकड्यांचा?

जूनमध्ये दाखल्यांची गर्दी, तिच्या पाठोपाठ खरिपाचा पीक विमा. सेवा केंद्र चालवणारे, ग्रामपंचायतीतले संगणक परिचालक, तहसीलसमोर अर्ज टाइप करून देणारे, या सगळ्यांचे हात याच दिवसांत दुखायला लागतात. मग कुणीतरी सांगतं, एर्गोनॉमिक, म्हणजे हातांवरचा ताण कमी करणारा, कीबोर्ड घ्या. शोधायला बसलं की पाचशे रुपयांपासून पाच आकडी किमतीपर्यंतचा माल समोर येतो, आणि त्याबद्दलची जवळपास सगळी माहिती इंग्रजी टाइप करणाऱ्यांसाठी लिहिलेली असते. मराठी टाइप करताना बोटांवर पडणारा भार वेगळा असतो, म्हणून निवडही वेगळी करावी लागते.

कीबोर्डच्या आधी टेबल मोजा

आपल्याकडच्या ऑफिसच्या टेबलाची उंची साधारण ७५ सेंमी असते. त्यापुढे प्लास्टिकची खुर्ची, तिची बैठक ४२ ते ४४ सेंमीवर. बसलेल्या मध्यम उंचीच्या माणसाचं कोपर बैठकीपासून २० ते २४ सेंमी वर येतं, म्हणजे जमिनीपासून ६५ सेंमीच्या आसपास. टेबल त्याहून आठ-दहा सेंमी उंच पडतं. म्हणून खांदे वर चढतात, हाताचा भार टेबलाच्या कडेवर येतो आणि मनगट मागे मोडतं. या टेबलावर दहा हजारांचा कीबोर्ड ठेवला तरी दुखणं तसंच राहील. उलट वाढेल, कारण मध्ये फुगवटा असलेले कीबोर्ड साध्यापेक्षा जाड असतात.

उपाय स्वस्त आहे. खुर्चीवर घट्ट गादी किंवा दुमडलेली सतरंजी टाकून बैठक सात-आठ सेंमी वर घ्या. आता पाय लोंबकळतील, त्यांच्याखाली विटा आडव्या ठेवा. तीन इंची वीट साडेसात सेंमीची, तेवढीच उंची ती भरून काढते. कीबोर्डच्या मागचे दोन छोटे पाय मिटून टाका. ते उघडले की मनगट आणखी मागे वळतं. सनमायकाची धारदार कड हाताला टोचत असेल तर एसीच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी उभी चिरून कडेवर बसवा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर पुष्कळदा कोपर अशा कडेवर दाबलं जात असतं.

एवढं करून पंधरा दिवस काम करा. दुखणं थांबलं तर पैसे वाचले. मात्र रात्री झोपेत अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होऊन जाग येत असेल तर ते मनगटातली नस दबल्याचं लक्षण असू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा, कीबोर्डचं नंतर बघू.

उजव्या करंगळीचा हिशेब

इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाण बटण-मांडणी. तिच्यात मात्रा-स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. ऐकायला हे छान वाटतं, पण उजव्या करंगळीकडे काय काय येतं ते बघा: इंग्रजी पीच्या बटणावर ज, त्याच्या शेजारच्या चौकोनी कंसावर ड, अर्धविरामावर च, अवतरणचिन्हावर ट, तिरप्या रेघेवर य. त्याच करंगळीने एंटर आणि बॅकस्पेसही. 'जात पडताळणी' टाइप करताना ज आणि ड दोन्ही तिच्याकडेच. 'यवतमाळ' लिहायचं तर सुरुवात खालच्या ओळीतल्या य पासून, आणि शेवटी डाव्या हाताने शिफ्ट धरून एनवर ळ. इंग्रजीत हीच करंगळी बराच वेळ मोकळी असते.

रेमिंग्टनचा, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीचा, त्रास वेगळा. तिथे बरीच अर्धी अक्षरं शिफ्टसोबत येतात आणि काही अक्षरं अर्धं अक्षर अधिक काना अशी पूर्ण करावी लागतात. त्यामुळे दोन्ही करंगळ्या शिफ्टवर अडकून राहतात. शिवाय जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काही जोडाक्षरांसाठी आल्ट धरून उजवीकडच्या अंकपट्टीवर चार आकडी कोड दाबावा लागतो. वरच्या ओळीतल्या आकड्यांनी ते होत नाही. अंकपट्टी नसलेला सुंदर कीबोर्ड आणला की पहिल्याच दिवशी अडतं ते इथे.

म्हणून नियम असा: इनस्क्रिप्टवाल्याने करंगळीचं काम अंगठ्याकडे नेता येईल का ते बघावं, रेमिंग्टनवाल्याने शिफ्ट मोठी, हलकी आणि जवळ आहे का ते बघावं.

साधा सपाट आणि अंकपट्टीविना

पूर्ण लांबीचा साधा कीबोर्ड ४४-४५ सेंमी रुंद, किंमत ५०० ते ८०० रुपये. त्यावर दोन गोष्टी चुकतात. हात मध्ये जवळ आणून मनगटं बाहेरच्या बाजूला वाकवावी लागतात, आणि उजवीकडच्या अंकपट्टीमुळे माऊस दूर जातो. उजवा खांदा दुखणाऱ्यांपैकी पुष्कळांचं दुखणं कीबोर्डपेक्षा या लांब गेलेल्या माऊसचं असतं.

अंकपट्टीविना कीबोर्ड सुमारे ३६ सेंमीचा. माऊस आठ-नऊ सेंमी आत येतो. पण १२ आकडी आधार क्रमांक, १० आकडी मोबाइल, बँकेचं खातं आणि गट नंबर दिवसभर भरणाऱ्याला अंकपट्टी सोडणं परवडत नाही. तोड अशी की सुटी यूएसबी अंकपट्टी घ्या आणि ती डाव्या हाताला ठेवा. आठवडाभर डावा हात चाचपडतो, मग आकडे डावीकडे आणि माऊस उजवीकडे अशी वाटणी होते. आल्टचे कोडही या सुट्या पट्टीवर चालतात, फक्त नम लॉक चालू हवं. मनगटाच्या वाकण्यावर याचा काही उपयोग नाही. खांद्यावर मात्र नक्की आहे, आणि पैशांच्या मानाने एवढा फायदा दुसऱ्या कशात मिळत नाही.

एकसंध वळणदार: दोन नावं, दोन वेगळ्या वस्तू

दुकानदार लॉजिटेकचे वेव्ह कीज आणि एर्गो के८६० एकाच रांगेत दाखवतात. वेव्ह कीजमध्ये बटणांच्या ओळी लाटेसारख्या आहेत, मध्ये फट नाही. हातांची जागा फारशी बदलत नाही, त्यामुळे सवय लवकर लागते. अंकपट्टी असूनही तो सुमारे ३८ सेंमीतच बसतो. के८६०मध्ये अक्षरं मध्ये फाटून दोन भागांत गेली आहेत आणि मधला भाग उचललेला आहे. मनगटाचा बाहेरचा वाक त्यात खरोखर कमी होतो, तळहातही पूर्ण पालथा न राहता थोडा कलता राहतो. पण रुंदी सुमारे ४६ सेंमी, म्हणजे माऊस साध्या कीबोर्डपेक्षाही बाहेर. खांदा दुखत असेल तर वेव्ह कीज, मनगट दुखत असेल तर के८६०, इतकी सरळ ही निवड आहे.

के८६०च्या पुढच्या बाजूला, तळहाताखाली, उघडता येणारे पाय आहेत. त्यांनी कीबोर्ड ४ किंवा ७ अंश उलटा, म्हणजे पुढून उंच, कलतो. उंच टेबलावर ते उघडू नका. कीबोर्ड कोपराच्या पातळीखाली असेल, किंवा उभं राहून काम करत असाल, तरच त्याचा फायदा होतो.

फाटलेल्या कीबोर्डवर मराठीवाल्याची पहिली अडचण म्हणजे व. इनस्क्रिप्टमध्ये व बीवर आहे, आणि फाटलेल्या बहुतेक कीबोर्डांत बी डाव्या भागात असतो. शास्त्रशुद्ध शिकलेल्याचं डावं बोटच तिथे जातं. पण स्वतःहून शिकलेले पुष्कळजण व उजव्या तर्जनीने दाबतात. त्यांनी 'वरुड', 'गाव', 'वारस' असं काही टाइप केलं की उजवं बोट मधल्या फटीत पडतं. मागवण्यापूर्वी आजच्या कीबोर्डवर पाच ओळी टाइप करा आणि तुमचा व कोणत्या हाताचा आहे ते बघा. उजव्याचा असेल तर कीक्रॉनच्या क्यू८सारखे मध्ये दुभंगलेले यांत्रिक (प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्प्रिंग असलेले) कीबोर्ड सोयीचे, कारण त्यांत बी दोन्ही भागांत दिलेला आहे. त्यात अंकपट्टी नाही, हे धरून चाला.

मायक्रोसॉफ्टचे वळणदार कीबोर्ड, त्यातला २००५चा नॅचरल ४०००, अजून जुन्या मालात मिळतात. २०२३ मध्ये कंपनीने स्वतःच्या नावाचे कीबोर्ड बंद करायचं ठरवलं. वापरलेला घेणार असाल तर स्पेसबार दोन्ही टोकांना दाबून बघा. एका टोकाला अडकत असेल तर घेऊ नका.

दोन तुकड्यांचा

कायनेसिस कंपनीच्या फ्रीस्टाइल२मध्ये दोन अर्धे भाग केबलने जोडलेले असतात. ही केबल ९ किंवा २० इंची मिळते. भाग खांद्यांइतके लांब ठेवता येतात, त्यामुळे मनगट सरळ राहतं आणि छातीही मोकळी होते. दोन्ही भाग मध्ये तंबूसारखे उचलायचे टेकू वेगळे घ्यावे लागतात.

सेवा केंद्रात या प्रकाराचा एक फायदा आहे जो जाहिरातीत दिसत नाही. दोन भागांच्या मध्ये कागद मावतो. समोर बसलेल्या कास्तकाराचा सातबारा, आधार, पासबुक नेमकं डोळ्यांसमोर येतं. एरवी कागद डावीकडे पडलेला असतो आणि दर आकड्याला मान वळते. दिवसाला शंभर अर्ज भरणाऱ्याच्या मानेला हा फरक संध्याकाळी कळतो.

घेण्यापूर्वी घरच्या घरी करून बघा. विंडोजला एकाच वेळी दोन यूएसबी कीबोर्ड लावता येतात. एकाचा डावा भाग डाव्या हाताने, दुसऱ्याचा उजवा भाग उजव्या हाताने वापरा. एका कीबोर्डवरची शिफ्ट दुसऱ्याच्या अक्षरालाही लागते. दोन्ही पूर्ण लांबीचे असतील तर हात जरा जास्तच फाकतात, तरी चार दिवसांत आपल्याला हे जमेल की नाही ते समजतं.

खोलगट, अंगठ्याच्या बटणांचा

कायनेसिस अ‍ॅडव्हांटेज३६० हा २०२२चा. दोन वाट्या, त्यांत बटणं बोटांच्या सरळ रेषेत, आणि एंटर, बॅकस्पेस, स्पेस अंगठ्याखाली. करंगळीच्या हिशेबाने इनस्क्रिप्टसाठी यापेक्षा चांगली रचना नाही. पण यात चौकोनी कंस खालच्या ओळीत गेलेले आहेत, म्हणजे ड आणि ढ खाली. बटणांच्या जागा बदलून घेता येतात. विंडोजला फक्त बटणाचा क्रमांक कळतो, त्यामुळे कंस जिथे न्याल तिथे त्याच्यासोबत ड जातो. हात बसायला महिना धरा. किंमत आणि बाहेरून मागवण्याचा खर्च बघता हा केंद्राच्या गल्ल्यातून घेण्याचा माल नाही. दिवसभर भाषांतर किंवा लेखन करणाऱ्याने विचार करावा.

चाळीस-पंचेचाळीस बटणांचे छोटे दुभंगलेले कीबोर्ड मराठीसाठी टाळाच. त्यांत कंस आणि बरोबरचं चिन्ह सहसा दुसऱ्या थरात लपलेलं असतं. प्रत्येक ड आणि ृ साठी आणखी एक बटण धरून ठेवायचं, मग वेग कुठून येणार?

बटणाचा दाब, कापूस आणि मे महिना

यांत्रिक बटणांत चेरी कंपनीचं लाल बटण सुमारे ४५ ग्रॅमच्या दाबाला, ४ मिमीच्या प्रवासात २ मिमीवरच अक्षर देतं. तळापर्यंत ठोकायची गरज नाही. टाइपरायटरवर शिकलेले हात मात्र ठोकतात, त्यांनी तपकिरी घ्यावं. अक्षर लागलं की बोटाला हलका टप्पा जाणवतो. निळं खटखटतं. एका खोलीत तीन ऑपरेटर असतील तर घेऊ नका.

हिंगणघाट, वणी, अकोट या बाजूला जिनिंगजवळ दुकान असेल तर दिवाळीनंतर कापसाचे तंतू बटणांच्या दांड्याभोवती गुंडाळले जातात आणि बटण अर्धवट वर येतं. यांत्रिक कीबोर्डची टोपी काढून चिमट्याने ते निघतात, बटण उपटून बदलता येणारा असेल तर एकच बटण बदलतं. साध्या रबरी पडद्याच्या कीबोर्डात एक बटण गेलं की कीबोर्डच गेला. कूलरच्या थेट झोतात कोणताच ठेवू नका. ओलसर हवेत धूळ चिकटून बसते.

तळहाताखालची गादी के८६०सारख्यात कायमची असते. मे महिन्यात ४५ अंशांना ती घाम पिते, वर सुती रुमाल टाका आणि रोज बदला. शिवाय गादी टाइप करताना टेकायची नसते, दोन ओळींच्या मध्ये हात विसावण्यासाठी असते. टेकून टाइप केलं की मनगट तिथेच दाबलं जातं.

वायरलेसला सेल पुरतात, त्याची चिंता नको. जुन्या डेस्कटॉपला ब्लूटूथ नसतं, रिसीव्हर सोबत येतो का ते बघा. प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं मशीन लावून झाल्यावर यूएसबीची जागा उरते का, तेही मोजा.

कुणी काय घ्यावं

जीसीसी-टीबीसी या सरकारी टायपिंग प्रमाणपत्राची मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांची परीक्षा द्यायची असेल, किंवा लिपिक भरतीची टायपिंग चाचणी जवळ आली असेल, तर काहीही नवं घेऊ नका. केंद्रावर साधा सपाट कीबोर्डच समोर येतो. सराव त्याच्यावरच करा, फक्त टेबल-खुर्चीची उंची सुधारा. सेवा केंद्राला अंकपट्टीविना कीबोर्ड आणि डावीकडे सुटी अंकपट्टी. मनगट तरीही दुखत असेल तर के८६०, माऊस शक्य तितका आत ओढून. कागद बघून लांबलचक मजकूर टाइप करणाऱ्याला दोन तुकड्यांचा.

तालुक्याच्या दुकानात हे प्रकार सहसा हात लावायला मिळत नाहीत, ऑनलाइनच घ्यावे लागतात. आपल्या पिनकोडवर परत नेण्याची सोय आहे का ते आधी तपासा आणि खोका फेकू नका. पहिला आठवडा गर्दीच्या तासांत जुनाच कीबोर्ड वापरा, नव्यावर सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस मिनिटं. वेग आधी निम्म्यावर येईल. सरावाला 'यवतमाळ', 'वरुड', 'चंद्रपूर', 'जात पडताळणी' हेच शब्द घ्या, उजव्या करंगळीची बहुतेक बटणं त्यांत येतात. दोन आठवड्यांनीही व आणि ड चुकत असतील तर परत पाठवण्याची मुदत संपायच्या आत कीबोर्ड परत करा.