घरशाळेसाठी ऋतूंचा ॲक्टिव्हिटी किट: उन्हाळा पैसा वसूल, हिवाळा फेल

पोट्टे घरीच शिकतात आमचे, म्हणून इथल्याच एका ताईंकडून 650 रुपयांत हा किट घेतला. उन्हाळ्याचं कार्ड एक नंबर बरं का, त्यात शून्य सावली होती, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन उभ्या वस्तूची सावली गायब होते ती, नागपुरात ती 26 मेच्या आसपास पडते, मग काय, गच्चीवर लाटणं उभं केलं अन् 12 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास सावली हळूहळू लाटण्याच्या बुडाखालीच गायब, लहानी तर लाटणं उचलून पाहत होती सावली कुठं गेली ते! पाय भाजले सगळ्यांचे, चप्पल घालूनच जा.

पावसाळ्याचं ठीकठाक. पण तान्ह्या पोळ्याचं, पोट्ट्यांच्या लाकडी बैलांच्या सणाचं, नावच नाही, लाकडी बैल सजवणं एवढं सोपं होतं, आम्ही आपल्या मनानंच चाकं मोजून पाढे घेतले.

हिवाळ्याचं कार्ड म्हणजे बर्फाचा माणूस बनवा. नागपुरात? बाप्पा, कुठून तरी छापून मारलंय सरळ. आम्ही त्याऐवजी आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला येणारी, संत्री आणली, फोडी अन् बिया मोजून तक्ता केला, तक्ता होईस्तोवर अर्धी संत्री संपली होती.

गोंद पण वाळलेला निघाला. 5 पैकी 3 स्टार, तेही लाटण्यामुळे.