लायका एम२४० वरून एम१० कडे
अनेक वर्षे लायका एम२४० हा कॅमेरा वापरल्यानंतर मी २०१७ साली बाजारात आलेला एम१० घेतला. दोन्हींचे संवेदक २४ मेगापिक्सेलचेच, मग एवढा खर्च कशासाठी, असे मला अनेकांनी विचारले. आधीची ४२ मिलिमीटरची जाडी ३८.५ वर आली आहे आणि कागदावर क्षुल्लक वाटणारा हा फरक बोटांना पहिल्याच पकडीत जाणवतो. पण माझ्या लेखी खरे मोल व्ह्यूफाइंडरचे, म्हणजे डोळा लावून दृश्य पाहायच्या खिडकीचे, आहे: त्याचे वर्धन (प्रतिमा किती मोठी दिसते ते प्रमाण) ०.६८ वरून ०.७३ झाले असून डोळा थोडा दूर असला तरी चौकट पुरती दिसते, त्यामुळे माझ्यासारख्या चष्मा लावणाऱ्याला मधल्या लहानशा चौकोनातील दोन प्रतिमा एकमेकींवर नेमक्या जुळवून फोकस साधणे फार सुखाचे झाले आहे. आयएसओची, म्हणजे प्रकाश-संवेदनशीलतेची, चकती वर उचलून फिरवावी लागते आणि कॅमेरा बंद असतानाही तिच्यावरचा आकडा वाचता येतो, ही सोय मला मनापासून आवडली. व्हिडिओची सुविधा काढली आहे, त्याची मला उणीव भासत नाही. बॅटरी मात्र लहान झाली आहे, म्हणून दिवसभराच्या छायाचित्रणाला दुसरी जवळ ठेवावी. ती बदलताना तळाची झाकणपट्टी पूर्वीसारखीच संपूर्ण काढावी लागते.