वीतभर कागदावर दगडफूल: जलरंगांच्या एका कार्यशाळेविषयी

कोल्हापुरात दगडफूल कोणाला नवे नाही. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करताना ते मसाल्यात पडते, भाजले जाते आणि कांडपातून बाहेर येईपर्यंत त्याचा मागमूस उरत नाही. ते तळहातावर घेऊन दहा मिनिटे निरखले आहे, असे सांगणारा माणूस मात्र मला आजवर भेटला नव्हता. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस शहरात झालेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेची सुरुवात नेमकी याच पदार्थाने झाली. शेवाळ, शेंगांची टरफले, किड्यांनी कोरलेली साल अशा गोष्टी वर्षानुवर्षे जलरंगात चितारणाऱ्या एक चित्रकर्ती शिकवायला होत्या; शुल्क १,८०० रुपये होते आणि आम्ही १४ जण होतो.

बाईंनी लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणलेली दगडफुलाची पुडी टेबलावर रिकामी केली, प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक तुकडा ठेवला आणि पहिला पाऊण तास ब्रशला हात लावू दिला नाही. वरून राखाडी, खालून काळे, कडेला चुरगळलेल्या कागदासारखे मुडपलेले असे त्याचे रूप आम्ही शिसपेन्सिलीने टिपल्यावर त्यांनी त्यावर पाण्याचे चार थेंब सोडले. मिनिटाभरात राखाडी पाठीवर हिरवट झाक आली, तेव्हा शेजारी बसलेल्या निवृत्त गुरुजींना राहवले नाही. "बाई, हे वाळल्यालं परत जित्तं झालं की काय?" असे त्यांनी विचारलेच. दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार असतो. कोरडेपणी वरचा थर अपारदर्शक राहतो आणि पाणी मिळताच तो पारदर्शक होऊन आतल्या शैवालाचा हिरवा रंग बाहेर दिसू लागतो, हे बाईंनी सोप्या शब्दांत समजावले आणि लगेच विचारले, की मग चित्रात कोणता रंग आधी लावाल? हिरवा आधी, पातळ. तो वाळल्यावर वरून राखाडी. वस्तूची घडण आणि रंगांचे थर लावण्याचा क्रम अशा रीतीने एकाच उत्तरात सांगणारे शिक्षण मला याआधी मिळाले नव्हते. डबीतला तयार हिरवा वापरायला मनाई होती. इंडिगो (गडद निळा), यलो ऑकर (मातकट पिवळा) आणि कणभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांतूनच तो जुळवायचा होता, आणि तो जुळवताना माझ्या पॅलेटवर कितीतरी वेळ नुसता चिखल झाला.

भिंगाबद्दल एक सूचना विशेष उपयोगाची ठरली. दहा पट मोठे दाखवणारे भिंग वर्तमानपत्र वाचण्याच्या भिंगासारखे लांब धरून चालत नाही. ते डोळ्याला जवळजवळ टेकवावे लागते आणि वस्तू साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावर आणावी लागते. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे माझे स्वतःचे भिंग चार वर्षे कपाटात पडून होते.

दुपारच्या सत्रात त्यांनी छापील प्रती दाखवल्या. त्यांत जर्मन चित्रकार ड्यूररने १५०३ मध्ये जलरंगात केलेले गवताच्या एका ढेकळाचे चित्र होते आणि जहांगीरच्या पदरी असलेल्या मन्सूरने रंगवलेली फुले होती. ही ओळख धावती झाली, पण त्यानंतर कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांचा विषय निघाला, तेव्हा सगळे सरसावून बसले. शहरातल्या कोटितीर्थ तलावाचे पाणी आणि त्यावरचा प्रकाश आबालालांनी असा रंगवला, की कोल्हापूरच्या निसर्गचित्रकारांची नजर तेव्हापासून पाणी, झाडी आणि आभाळ यांवर खिळली, असे बाईंचे म्हणणे होते. मला ते पूर्ण पटले नाही, कारण आबालालांच्या चित्रांतल्या काठावरच्या झाडोऱ्यातही पुष्कळ बारीक निरीक्षण आहे. तरीही त्याच शहरात आपण मान खाली घालून पायाखालचा दगड रंगवणार आहोत, या कल्पनेने हुरूप आला हे खरे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता रंकाळा तलावाच्या दगडी बांधावर जमलो. प्रत्येकाला मधोमध पाच सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापलेला पुठ्ठा मिळाला. तो दगडावर ठेवायचा आणि खिडकीत जे येईल तेवढेच तीन तास रंगवायचे, एवढाच नियम होता. माझ्या वाट्याला दगडाला घट्ट चिकटलेली, काळ्या ठिपक्यांएवढ्या वाट्या असलेली, दगडफुलाच्याच जातकुळीची एक करडी खपली आणि तिच्या कडेला शेवाळाचा एक पुंजका आला. अशा खपल्यांच्या काही जाती वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत, हे ऐकल्यावर तिच्यावर टेकलेला अंगठा मी उचलून घेतला. शेवाळातून केसासारखे बारीक देठ वर आले होते आणि प्रत्येकाच्या टोकाला टोपी घातलेले बोंड होते. मी ते झपाट्याने रंगवून टाकले. बाई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि देठ मोजायला सांगितले. दगडावर अकरा होते, माझ्या कागदावर वीसच्या वर. त्या काही बोलल्या नाहीत. मी नवा कागद घेतला. ऊन सरकत राहते, म्हणून सावल्यांच्या कडा पहिल्या वीस मिनिटांत आखून घ्याव्यात आणि पुढे त्यांना हात लावू नये, हा त्यांचा सल्ला मी या वेळी पाळला आणि एरवी माझ्या बाहेर बसून केलेल्या चित्रांत होणारा सावल्यांचा गोंधळ टळला.

शिकवण्याला मी पैकीच्या पैकी गुण देईन. व्यवस्थेला तसे देता येत नाहीत. कागद जाड असेल असे जाहिरातीत म्हटले होते, प्रत्यक्षात दुसऱ्याच वॉशला, म्हणजे पातळ रंगाच्या थराला, त्याला पोक आले. निदान ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) सुती कागद या कामाला हवाच, कारण थरावर थर चढवायचे असतात. चौदा जणांत भिंगे पाच होती. पहिल्या दिवशीच्या सभागृहात ट्यूबलाइटच्या निळसर उजेडात जुळवलेला राखाडी रंग बाहेर आणल्यावर भलताच निघाला. याहून मोठी तक्रार समारोपाची आहे. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्रे आणि प्रायोजकांची भाषणे यांत पाऊण तास गेला, आणि तेवढ्या वेळात बाईंनी प्रत्येकाच्या चित्रावर दोन शब्द बोलायचे ठरले होते, ते राहूनच गेले.

ज्यांना दोन दिवसांत भिंतीवर टांगण्याजोगे चित्र घरी न्यायचे आहे, त्यांनी या कार्यशाळेला जाऊ नये. माझे चित्र अर्धेच झाले आहे आणि बहुतेकांचीही तीच गत होती. ज्यांना जलरंगाचा वॉश मुळीच घालता येत नाही, त्यांचीही तिथे ओढाताण होईल. थोडा हात बसलेल्या माणसाला मात्र १,८०० रुपये जास्त वाटणार नाहीत. पुढची तुकडी जाहीर झाली तर मी पुन्हा नाव नोंदवणार आहे. कागद आणि भिंग घरून नेईन, आणि समारोपाच्या वेळी शाल-श्रीफळ सुरू झाले की रंकाळ्यावर भेळ खायला जाईन.