सोंग, पण मनापासून: गॉडझिलाच्या १५ चित्रपटांचा संच

जपानच्या तोहो कंपनीने १९५४ ते १९७५ या काळात काढलेले गॉडझिलाचे पंधराही चित्रपट एका ठिकाणी मिळावेत, अशी सोय अमेरिकेच्या क्रायटेरियन कलेक्शनने ऑक्टोबर २०१९ मध्ये केली. आठ ब्लू-रे डिस्क, त्यांच्यासोबत मोठ्या आकाराचे सचित्र पुस्तक आणि या प्रकाशकाच्या यादीतला १०००वा क्रमांक, असा हा ऐवज आहे. जागतिक अभिजात चित्रपटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने हजाराव्या क्रमांकाचा मान एका रबरी राक्षसाला द्यावा, यात थोडा मिश्कीलपणा आहेच. पण चित्रपट ओळीने पाहत गेल्यावर तो मान अगदीच अनाठायी वाटत नाही.

या चित्रपटांची ख्याती हास्यास्पद म्हणूनच आहे. राक्षसाच्या कातड्यात शिरलेला माणूस, खेळण्यातले रणगाडे, तारेला लटकणारी विमाने, एका लाथेत भुईसपाट होणारी शहरे, एवढ्या भांडवलावर लोक त्यांची टर उडवतात. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या सदनिकेत भिंतीवर प्रोजेक्टर लावून हा संच पाहताना घरातही हशा पिकला. मात्र त्या हशात कुचेष्टा फार थोडी होती, कारण पडद्यावरची मंडळी आपले काम विलक्षण मन लावून करत होती. शास्त्रज्ञ, पत्रकार, सेनाधिकारी यांच्या भूमिका करणारे नट राक्षसाविषयी इतक्या गांभीर्याने बोलतात, की त्यांच्या सुरात थट्टेचा लवलेशही सापडत नाही. ताकाशी शिमुरा यांनी १९५४ मध्येच कुरोसावांच्या ‘सेव्हन सामुराई’मध्ये सामुराईंच्या म्होरक्याची भूमिका केली आणि त्याच वर्षी गॉडझिलाचा अभ्यास करणारे प्राध्यापक यामाने रंगवले, दुसऱ्या भूमिकेत त्यांनी कणभरही हात आखडता घेतलेला नाही.

पहिला चित्रपट पाहताना तर हसण्याची सोयच नाही. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली आणि तिच्या किरणोत्सारी राखेने जपानी मासेमारी बोटीवरचे २३ खलाशी भाजून निघाले. त्यांच्यापैकी एकाचा सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला आणि ३ नोव्हेंबरला हा चित्रपट प्रदर्शित झाला. समुद्रात लख्ख प्रकाश पडून बोट पेटते, हे त्यातले पहिलेच दृश्य प्रेक्षकांना कशाची आठवण करून देत असेल, हे सांगायला नको. टोकियो जळून गेल्यानंतर रुग्णालयात एका मुलाच्या अंगाजवळ किरणोत्सार मोजणारे यंत्र धरले जाते आणि त्याचा कटकट आवाज वाढत जातो; दिग्दर्शक इशिरो होंडा त्या दृश्यात राक्षसाला दाखवतसुद्धा नाहीत. अणुबॉम्बच्या जखमा ताज्या असलेल्या देशात, युद्धावर जाऊन आलेल्या माणसाने हा चित्रपट केला आहे, हे प्रत्येक चौकटीत जाणवते.

आता ‘स्वस्त’ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या तंत्राकडे वळू. पडद्यावरच्या करामतींची जबाबदारी सांभाळणारे एइजी त्सुबुराया हे १९३३च्या ‘किंग काँग’चे भक्त होते, परंतु त्या पद्धतीने बाहुली तसूतसूने हलवून चित्रण करण्याइतका वेळ हाती नसल्यामुळे त्यांनी माणसालाच कातडे चढवले. पहिले कातडे सुमारे १०० किलोंचे होते. ते घालणारे नट हारुओ नाकाजिमा त्याच्या मानेला पाडलेल्या बारीक छिद्रांतून जेमतेम बाहेर पाहत, प्रखर दिव्यांच्या उष्णतेत घामाने निथळत, मोठ्या मेहनतीने उभारलेल्या छोट्या टोकियोतून चालत असत. चित्रण जास्त वेगाने करून पडद्यावर नेहमीच्या वेगाने दाखवले, की हालचाल मंदावते आणि वजनदार भासते. पाऊल पडल्यावर कौले एकेक करून घरंगळतात, ती याच युक्तीमुळे. गॉडझिलाच्या श्वासाने वितळणारे विजेचे मनोरे मेणाचे होते. ती प्रसिद्ध डरकाळीसुद्धा कोणत्या प्राण्याची नव्हे: संगीतकार आकिरा इफुकुबे यांनी कॉन्ट्राबास या अजस्र तंतुवाद्याच्या तारा राळ लावलेल्या चामडी हातमोज्याने घासून तो आवाज काढून घेतला. संचातील प्रती इतक्या स्वच्छ आहेत, की तीन डोक्यांच्या गिदोराला तोलून धरणाऱ्या तारा काही दृश्यांत स्पष्ट दिसतात. काहींना हे खटकेल. मला त्या तारा दिसल्या की माना हलवणाऱ्या अदृश्य हातांची दाद द्यावीशी वाटते.

नाशिककरांना ही रसिकता शिकवावी लागू नये. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या भागांत बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून सोंगे नाचवण्याचा लोकोत्सव, पाहिलेल्या कोणालाही ठाऊक असते, की टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर नाचत येणाऱ्या मुखवट्यामागे शेजारच्या आळीतला ओळखीचा माणूस आहे. तरीही सोंग रिंगणात आले की लोक हात जोडतात आणि लहान मुले आईच्या पदराआड दडतात. मुखवटा मुखवटाच दिसतो, म्हणून त्याचा प्रभाव कमी होत नाही. नाकाजिमांचा गॉडझिला याच जातीचा आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये आपल्या लेकीला, मंदाकिनीला कृष्ण करून महाकाय नागाशी झुंजवले, तेसुद्धा अशाच हातचलाखीच्या बळावर. संगणकावर घडवलेला आजचा राक्षस अधिक खरा दिसत असेल, पण त्याच्यासाठी कोणाला घाम गाळताना मी कल्पू शकत नाही. (ज्यांनी रात्ररात्र जागून ती चित्रे तयार केली असतील, त्यांनी क्षमा करावी.)

साठीच्या दशकात गॉडझिला हळूहळू खलनायकाऐवजी माणसांचा पाठीराखा आणि मग पोराबाळांचा लाडका झाला. १९६२ मध्ये तो प्रथमच रंगीत आला आणि किंग काँगशी लढला. १९६५च्या चित्रपटात परग्रहावर विजय मिळाल्यावर तो त्या काळच्या एका लोकप्रिय व्यंगचित्रमालेतली उडी मारून नाचतो. १९७३ मध्ये तो शेपटीवर घसरत लांबून येतो आणि मेगालॉन या शत्रुराक्षसाच्या छातीवर दोन्ही पाय हाणतो. गुरुत्वाकर्षणाचा इतका उघड अपमान अन्यत्र सापडणे कठीण. आमच्या भाचरांनी तो प्रसंग पुन्हा पुन्हा मागे नेऊन पाहिला आणि गादीवर त्याचे प्रात्यक्षिकही केले. जुन्या दृश्यांचे तुकडे जोडून वेळ मारून नेणारे १९७२ आणि १९७३चे चित्रपट एरवी कंटाळवाणेच आहेत.

बहुतेक समीक्षक १९६९च्या चित्रपटाला सर्वांत वाईट ठरवतात. तोही जुन्या दृश्यांवर भागवलेला आहे, हे खरे. पण माझ्या मते तो या संचातील सर्वांत हळवा चित्रपट आहे. कावासाकीच्या धुरकट कारखानदारी वस्तीत इचिरो नावाचा मुलगा राहतो. आईवडील दोघेही कामावर, घराची किल्ली त्याच्याकडे, वाटेत दांडगी मुले आडवी येतात. म्हणून तो स्वप्नात राक्षसांच्या बेटावर जातो. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या कामगार वसाहतींत वाढलेल्या कोणालाही हा मुलगा ओळखता येईल. बेटावर त्याला गॉडझिलाचे पिल्लू भेटते आणि तेही त्याच्यासारखेच भित्रे निघते. चित्रपट जेमतेम ७० मिनिटांचा आहे आणि त्याला त्याहून लांबी नकोच होती.

१९७१ मध्ये योशिमित्सु बान्नो यांनी कारखान्यांच्या गाळातून जन्मलेला हेडोरा उभा केला. कचऱ्याने बरबटलेल्या समुद्राची दृश्ये, चित्रपटाच्या मध्येच येणारी व्यंगचित्रे, मासे-मुखवटे घातलेल्या नर्तकांचा भास आणि शेवटी आपल्याच अग्निश्वासाच्या जोरावर उलटा उडणारा गॉडझिला, असा हा सगळा विचित्र काला आहे. निर्माते तोमोयुकी तानाका त्या वेळी रुग्णालयात होते आणि बाहेर आल्यावर हे पाहून ते खवळले, असा किस्सा प्रसिद्ध आहे. गोदापात्रात पाणवेलींचा गालिचा पाहत राहणाऱ्या शहराला हेडोरा फारसा काल्पनिक वाटणार नाही.

संचाविषयी दोन आक्षेप. किंग काँगवाल्या चित्रपटाची अमेरिकी आवृत्ती मुख्य ओळीत ठेवली आहे आणि मूळ जपानी आवृत्ती पुरवणीच्या डिस्कवर ढकलली आहे. जपानी आवृत्ती ही दूरचित्रवाणीवरील जाहिरातबाजीची खुमासदार टिंगल आहे, तर अमेरिकी आवृत्तीत ती बरीचशी कापून बातम्या वाचणारा निवेदक घुसडला आहे. म्हणून पुरवणीतली आवृत्तीच आधी पाहावी. दुसरे म्हणजे पुस्तकाचा आकार साधारण कपाटाच्या कप्प्यात मावणारा नाही. मात्र चित्रे सुरेख आहेत आणि बान्नो यांनी १९९० मध्ये घेतलेली होंडांची मुलाखत या संचात आहे, ही गोष्ट दोन्ही तक्रारी विसरायला लावते.

भारतातून मागवणाऱ्यांनी काही गोष्टी आधीच लक्षात घ्याव्यात. प्रकाशनाच्या वेळी, २०१९ मध्ये, छापील किंमत २२४.९५ डॉलर होती आणि तिच्यावर वाहतूक व सीमाशुल्क वेगळे. ब्लू-रेसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत; या डिस्क ‘ए’ विभागाच्या आहेत, तर भारत ‘सी’ विभागात मोडतो. त्यामुळे सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर नसेल तर त्या नुसत्या शोभेला राहतील. उपशीर्षके इंग्रजीत आहेत, तेव्हा लहान मुलांसोबत पाहायचे असेल तर शेजारी बसून मराठीत सांगणारा कोणीतरी लागतोच. मुलांसाठी सुरुवात १९६४च्या ‘मोथ्रा व्हर्सेस गॉडझिला’पासून करावी: त्यात द पीनट्स या जुळ्या गायिकांनी साकारलेल्या इवल्याशा परीराण्या गाणे गातात, प्रचंड अंडे किनाऱ्याला लागते आणि लोभी व्यापारी ते विकत घेऊन तिकीट लावायला निघतात. १९५४चा चित्रपट मुले झोपल्यानंतर, दिवे मालवून पाहावा.