छोट्या दवाखान्यातील एआय सहायक: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे डॉक्टर रोज उपलब्ध नसतात, त्यामुळे बाह्यरुग्ण तपासणीचा बहुतेक भार परिचारिकांवर पडतो. त्यांच्या मदतीसाठी टॅबलेटवर चालणारे एक एआय सहायक आम्ही गेले काही महिने वापरत आहोत. परिचारिका रुग्णाची नोंद भरत असतानाच ते ती वाचते आणि काही राहून गेले किंवा लक्षणांशी उपचार जुळत नसला, तर पिवळी वा लाल खूण दाखवते. माझे मत आधीच सांगते: निदान सुचवण्यात ते बेताचेच आहे, परंतु रुग्ण दाराबाहेर पडण्यापूर्वी त्याची नोंद पुन्हा एकदा बारकाईने तपासून घेण्यासाठी ते खरोखर उपयोगी पडते.

खोकल्याने आजारी असलेल्या मुलांच्या बाबतीत हे सर्वाधिक जाणवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार २ ते ११ महिन्यांच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून अधिक असल्यास तो जलद मानला जातो, तर १२ महिन्यांपासून पाच वर्षांच्या आतील मुलांसाठी ही मर्यादा ४० आहे. आई ‘वर्षाचं आहे’ असे सांगते, तेच वय नोंदवले जाते आणि श्वास ४४ भरतो. बाळ अकरा महिन्यांचे असेल आणि धोक्याची इतर लक्षणे नसतील तर हा साधा सर्दी-खोकला. तेरा महिन्यांचे असेल तर न्यूमोनिया समजून प्रतिजैविक सुरू करायचे. सहायक येथे अडून बसते आणि जन्मतारीख मागते. लसीकरणाचे कार्ड उघडून ती पाहायला क्षणभरच लागतो, पण गर्दीच्या वेळी नेमका तोच क्षण कोणाकडे नसतो.

मात्र श्वास पूर्ण मिनिटभर मोजला की पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. रडणाऱ्या बाळाचा श्वास मोजून भरलेला आकडाही ते निमूटपणे स्वीकारते. हे हातानेच नीट करायचे काम आहे, आणि वजनकाटा बिघडलेला असेल तर कोणतेही सॉफ्टवेअर कामाला येत नाही.

औषधाच्या मात्रेबाबत माझी तक्रार गंभीर आहे. अमॉक्सिसिलिनचे द्रावण ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही तीव्रतांमध्ये मिळते. सहायकाने मिलिग्रॅमचा हिशेब बरोबर केला, पण मिलिलिटर सांगताना २५० ची बाटली गृहीत धरली. आमच्या कपाटात १२५ ची होती. परिचारिकेने लेबल वाचले म्हणून ठीक, नाही तर मुलाला निम्मेच औषध गेले असते. ज्या आज्ञावलीने जन्मतारखेसाठी एवढा आग्रह धरला, तिने बाटलीबद्दल एक प्रश्नही विचारू नये, हे मला अनाकलनीय वाटते.

सुरुवातीला ते आमच्याकडे नसलेल्या तपासण्याही सुचवत असे. उपलब्ध औषधे आणि चाचण्यांची यादी भरल्यावर हा प्रकार बराच कमी झाला. ती यादी दर आठवड्याला अद्ययावत ठेवण्याचे काम अर्थातच कोणाच्या तरी माथी आले. पिवळ्या खुणांचा भडिमार झाला तेव्हा परिचारिका न वाचताच त्या बाजूला सारू लागल्या. लाल खूण फक्त धोक्याच्या लक्षणांपुरती (झटके, पाणीही न पिणे, प्रत्येक वेळी उलटी, सुस्ती वा बेशुद्धी) ठेवल्यावर ती पुन्हा गांभीर्याने घेतली जाऊ लागली.

छातीच्या एक्स-रेवरून क्षयरोगाचा संशय दर्शवणारी स्वतंत्र प्रणाली घेण्याचा विचार करणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तिची शिफारस केली ती १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींसाठी, आणि ती केवळ चाळणी तपासणी व पुढील चाचणीसाठी रुग्ण निवडण्यापुरती. पुढे थुंकीची खात्रीची चाचणी करण्याची सोय नसेल, तर पडद्यावरच्या गुणांकाचा उपयोग मर्यादितच राहतो.

इंटरनेट गेल्यावर आमचे सहायक जवळजवळ मुके होते, म्हणून छापील तक्ते भिंतीवरून काढलेले नाहीत. नव्याने रुजू झालेल्यांनी स्वतःचा निष्कर्ष आधी लिहावा आणि मगच खुणा पाहाव्यात, असा नियम केला आहे. नोंदतपासणीचा भाग आम्ही पुढेही वापरणार आहोत. मिलिलिटरमधील मात्रा दाखवणारा भाग मात्र बाटलीची तीव्रता विचारण्याची सोय होईपर्यंत बंद ठेवला आहे.