नॅव्हिड्रोम: गाण्यांचं फोल्डर सगळ्यांचं एकच, फेवरेट्स ज्याची त्याची

घरात कॉम्प्युटर एक, त्यावर अकाउंट तीन-चार आणि तीच ती गाणी प्रत्येकाच्या म्युझिक फोल्डरमध्ये वेगळी कॉपी करून ठेवलेली, असं ज्यांच्याकडे चालू आहे त्यांनी नॅव्हिड्रोम हा घरच्या गाण्यांसाठीचा प्रोग्राम एकदा तरी टाकून बघाच. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं.

आधी सगळे करतात तो उपाय सांगते, म्हणजे फरक कळेल. आयट्यून्समध्ये शिफ्ट दाबून (मॅकवर आता त्याच्या जागी म्युझिक ॲप आहे, तिथे ऑप्शन) प्रोग्राम उघडला की कुठली लायब्ररी, म्हणजे गाण्यांची यादी, वापरायची ते विचारतो, तिथे सगळ्यांनी पब्लिक फोल्डरमधली एकच लायब्ररी निवडायची. चालतं, पण एका वेळी एकाच अकाउंटमध्ये, आणि कोणी लॉगआउट न करता नुसतं स्विच युजर केलं आणि प्रोग्राम मागे उघडाच राहिला की दुसऱ्याचं अडलं. शिवाय रेटिंग, प्ले काउंट सगळं एकत्र होतं, म्हणजे लहान मुलांची गाणी दिवसभर लागली की 'सर्वात जास्त ऐकलेली' मध्ये तीच वर. दुसरा मार्ग म्हणजे गाणी एकत्र, लायब्ररी वेगळ्या. मग एकाने टाकलेला नवा अल्बम दुसऱ्याच्या यादीत आपोआप येत नाही, ज्याने त्याने परत ॲड करत बसायचं.

माझं स्पष्ट मत आहे की शेअर करायच्या त्या फक्त फाइली, आवडनिवड नाही. नॅव्हिड्रोम नेमकं हेच करतं. हा एक छोटा सर्व्हर आहे, म्हणजे मागे चालू राहून सगळ्यांना गाणी पुरवणारा प्रोग्राम. त्याला गाण्यांचं फोल्डर दाखवायचं, त्याच कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये localhost:4533 हा पत्ता टाकायचा, पहिलं अकाउंट बनवाल ते ॲडमिन, मग घरातल्या प्रत्येकाला आपापलं लॉगिन. फेवरेट्स, रेटिंग, प्लेलिस्ट, प्ले काउंट ज्याचं त्याला, गाणी मात्र डिस्कवर एकदाच. फोल्डरमध्ये नवीन काही टाकलं की स्कॅन झाल्यावर सगळ्यांना दिसतं. नव्या व्हर्जनमध्ये एकाहून जास्त लायब्ररी ठेवून कोणाला कुठली दिसावी हेही ठरवता येतं, लहान मुलं असतील तर फारच कामाचं. सबसॉनिक या दुसऱ्या म्युझिक सर्व्हरसाठी बनलेली कुठलीही ॲप यालाही जोडता येते, त्यामुळे घरच्या वायफायवर मोबाइलवरही तीच गाणी वाजतात.

सर्व्हर एखाद्याच्या अकाउंटमधून सुरू केलात तर तो माणूस लॉगआउट झाला की बंद पडणार, म्हणून सर्व्हिस म्हणूनच चालवा, म्हणजे कोणी लॉगिन नसलं तरी तो मागे चालू राहतो. आणि विंडोजवर गाणी पब्लिक म्युझिकमध्ये नेताना कट-पेस्ट करू नका, कॉपी करा आणि मग जुनी उडवा. एकाच ड्राइव्हवर फाइल मूव्ह केली की जुन्या परमिशन्स (ती कोणाला उघडता येईल ते) तिच्याबरोबरच येऊ शकतात आणि दुसऱ्या अकाउंटला 'ॲक्सेस डिनाइड', कॉपी केली की नव्या फोल्डरच्या परमिशन्स लागतात. अर्धी भांडणं इथेच मिटतात!

आता खटकणारी बाजू. नॅव्हिड्रोम फोल्डर किंवा फाइलचं नाव बघून अल्बम लावत नाही, टॅग (गाण्याच्या फाइलच्या आतच लिहिलेली गायक, अल्बम वगैरे माहिती) बघून लावतं. सिनेमाचा अल्बम असेल, त्यात पाच गायक असतील आणि 'अल्बम आर्टिस्ट' हा टॅग रिकामा असेल तर एका अल्बमचे पाच तुकडे दिसू शकतात, प्रत्येकात एखाददुसरं गाणं. आणि टॅग दुरुस्त करायची सोय यात नाही, ते तुमच्या फाइलींना हातच लावत नाही (मला ते बरंच वाटतं, घरातल्या कोणाच्या हातून काही बिघडायला नको). त्यासाठी एमपीथ्रीटॅग किंवा पिकार्ड हा टॅग बदलायचा प्रोग्राम घ्या, अख्खा अल्बम सिलेक्ट करून अल्बम आर्टिस्टमध्ये एकच नाव भरा, सेव्ह करा, परत स्कॅन करा, अल्बम जुळून येतो. वर्षानुवर्षं इकडून तिकडून गोळा केलेली गाणी असतील तर हे किचकट काम आहे, पण केल्याशिवाय मजा नाही. ज्यांना सेटिंग बघितलं की कंटाळा येतो त्यांनी घरातल्या कुणाला तरी बसवून एकदा लावून घ्यावं, नंतर रोज वापरणाऱ्याला काहीच करावं लागत नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा टॅगसाठी कापला. आणि बॅकअप घेताना फक्त गाणी घेऊ नका, नॅव्हिड्रोमच्या डेटा फोल्डरमधली navidrome.db ही फाइलही घ्या, सगळ्यांचे फेवरेट्स आणि प्लेलिस्ट त्यातच असतात.