फिश टँकचा हीटर आणि वाळलेल्या कवट्या: काही महिन्यांच्या वापरानंतर

शेळ्या-मेंढ्यांच्या कवट्या साफ करून मी त्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळांना आणि टॅक्सिडर्मीच्या (मेलेल्या प्राण्याच्या कातडीत भुसा भरून ती टिकवण्याच्या) कामाला देतो. गेल्या हिवाळ्यापासून या कामाला फिश टँकचा 100 वॅटचा हीटर वापरतोय. उन्हात वाळून कडक झालेल्या कवटीसाठी मला तरी यापेक्षा चांगलं साधन मिळालेलं नाही.

ताजं मुंडकं सोपं असतं, खरी कसोटी वाळलेल्याची. माळावर उन्हाळाभर पडून राहिलेल्या उस्मानाबादी बोकडाचं कातडं हाडाला असं आवळून बसतं की सुरी आत शिरत नाही. ओढायला जावं तर नाकाची हाडं कातड्याबरोबर निघून येतात. मग बहुतेक जण पातेलं चुलीवर चढवतात. कृपा करून उकळू नका. उकळल्याने चरबी हाडात मुरते आणि पुढे पिवळी होऊन वर येते, दातांना तडे जातात, हाडाला चिवट ठेवणारं कोलॅजन हे प्रथिन सुटून त्याचा सरस होतो. पांढरं करायला ब्लीच वापरणं तर त्याहून वाईट. हाड आतून पोखरलं जातं आणि वर्षा-दोन वर्षांत हात लावला की भुकटी पडते.

माझी पद्धत म्हणजे कोमट पाण्यात कुजवणं. आधी झाकणाच्या बादलीत साध्या पाण्यात कवटी बुडवून वर दगड ठेवायचा, नाहीतर ती तरंगते. कातडं लिबलिबीत झालं की कापून काढायचं, डोळे आणि जीभ काढायची, मेंदूचे वाळलेले तुकडे मागच्या छिद्रातून पाण्याच्या धारेने बाहेर घालवायचे. त्यानंतर हीटर 32 ते 34 अंशांवर लावायचा. आता काम जिवाणूंचं. या पाण्यात साबण, सोडा काहीही टाकायचं नाही, नाहीतर तेच मरतात. पाणी बदलताना एक तृतीयांश जुनं पाणी ठेवायचं, दह्याला विरजण ठेवतो तसं. संपूर्ण बदललं की काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. थंडीत नुसत्या पाण्यात हे महिनोन्‌महिने रेंगाळायचं, हीटरमुळे ते काही आठवड्यांवर आलं.

वास येतो, आणि भयंकर येतो. फ्लॅटच्या बाल्कनीत हा उद्योग जमणार नाही. घाण पाणी विहिरीपासून लांब खड्ड्यात ओतून वर भरपूर माती लोटा, नाहीतर कुत्री उकरतात.

पण फळ बघा. शिंगाची खोळ धरून हलका पीळ दिला की ती आतल्या हाडाच्या गाभ्यावरून अख्खी सुटते. नाकाच्या पोकळीत डोकावलं तर गुंडाळी घेतलेली ती पातळ, पारदर्शक हाडं जागच्या जागी दिसतात. उकळलेल्या कवटीत ती मला अशी शाबूत क्वचितच दिसली आहेत. माडग्याळ मेंढीच्या नाकाची कमान एकदा अशी स्वच्छ पाहावी, त्या जातीचं अख्खं रूप त्या हाडात आहे.

पाणी नेहमी गाळणीतून ओता. शेळीला वर पुढचे दात नसतातच, पण खालचे आठ लवकर सुटतात आणि गाळात हरवतात. सुटलेले दात जबड्याप्रमाणे वेगळ्या डबीत ठेवून शेवटी फेव्हिकॉलने बसवायचे.

आता हीटरबद्दल. तापमान बऱ्यापैकी धरतो. अखंड चालला तरी दिवसाला 2.4 युनिटच्या वर जात नाही, आणि थर्मोस्टॅटमुळे प्रत्यक्षात कमीच लागतं. लाइट गेली तर काम मंदावतं, बिघडत काही नाही. काच हा त्याचा कच्चा दुवा. शिंगाचा धक्का लागू नये म्हणून मी तो भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात ठेवतो. हीटर चिकटवायचे रबरी सक्शन कप बादलीला चिकटत नाहीत, तारेने बांधावं लागतं. पाणी हीटरवरच्या खूणरेषेच्या खाली जाऊ देऊ नका. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा आणि उपसण्याआधी हीटर थंड होऊ द्या.

पांढरेपणासाठी औषधाच्या दुकानातलं 20 व्हॉल्यूमचं हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे 6 टक्क्यांचं, तेवढंच पाणी घालून 3 टक्के करतो. शिंगाच्या खोळी त्यात घालायच्या नाहीत, रंग उडतो. झाकण घट्ट लावू नका, वायू सुटतो.

दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगतो. अचानक मेलेल्या, नाकातोंडातून रक्त आलेल्या जनावराला हात लावू नका. तो फाशी रोग (अँथ्रॅक्स) असू शकतो आणि त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. एरवीही हातमोजे आणि मास्क हवेतच. दुसरं, काम फक्त पाळीव जनावरांचं. जंगलात हरणाचं शिंग किंवा वानराची कवटी सापडली तरी उचलू नका, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला बंदी आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात वन्यप्राण्यांची टॅक्सिडर्मी होते, ती वन विभागाच्या देखरेखीखाली.

माळावरून आणलेल्या कवटीत चामडं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या केसाळ अळ्या हमखास असतात. संग्रहालयं हेच किडे मुद्दाम पाळून हाडं साफ करून घेतात, पण भुसा भरलेल्या प्राण्यांच्या खोलीत ते शिरले तर कातडी फस्त करतात. म्हणून कवटी आधी पाण्यात, मग घरात.

हीटर कमी पडतो तो डुकराच्या कवटीला. तिची चरबी काढायला भांड्याच्या लिक्विड सोपचं 40 ते 45 अंशांचं पाणी पुन्हा पुन्हा बदलावं लागतं आणि हा 34 च्या पुढे जात नाही. शेळी-मेंढीसाठी बिनधास्त घ्या. डुकराच्या कवट्या करायच्या असतील तर जास्त तापमानाचं दुसरं साधन बघा.